पन्नास ओळींचं टोपडं

“वेळ मिळाला की विणायला घेईन,” असं म्हणणाऱ्या बायकांच्या कपाटात लोकरीचे गुंडे हमखास सापडतात. कुणाची लोकर दिवाळीच्या सेलमधली, कुणाची नणंदेनं लुधियानाहून आणलेली. सुयाही असतात. वेळ तेवढा नसतो, आणि खरं सांगायचं तर तो मिळणारही नाही. नोकरी, मुलांच्या परीक्षा, घरातल्या मोठ्यांची औषधं, यातून सलग दोन तास कुणाच्या हाती लागतात? सुटा वेळ मात्र सगळ्यांकडे असतो. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतचा. दवाखान्यात नंबर लागेपर्यंतचा. मुलाचा क्लास सुटायची वाट बघत स्कूटरला टेकून काढलेला.

गंमत म्हणजे वेळ असा चिल्लर हातात असताना आपण काम निवडतो ते मोठ्या नोटेचं. पहिलाच बेत स्वेटरचा! जरा हिशोब करून बघा. चारपदरी लोकर आणि दहा नंबरच्या सुया घेतल्या तर मोठ्या माणसाच्या स्वेटरला लाखाच्या घरात टाके पडतात. मिनिटाला पंचवीस टाक्यांचा हात धरला तरी साठ तासांच्या वर काम. पाठ होते, पुढचा भाग अर्धा होतो आणि मार्च उजाडतो. पुढच्या वर्षी सुया हातात घेताना नेमकी किती ओळींवर घट घालायची होती ते आठवत नाही. शिवाय आपल्या हवेत स्वेटर अंगावर राहणार किती दिवस? पुण्यात दीड महिना, मुंबईकरांना तर थंडीत माथेरानला गेलं तरच.

टोपड्याचं तसं नाही. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण चौतीस सेंटिमीटर असतो. वीण ताणली जाते, म्हणून टोपडं थोडं कमीच धरायचं. चौऱ्याऐंशी टाके घाला. काठाला दोन सुलट, दोन उलट असं दीड-दोन इंच विणा, म्हणजे कपाळाला छान चिकटून बसेल. मग एक ओळ सुलट, एक उलट. उंची झाली की दोन-दोन टाके एकत्र घेत घटवत जायचं, शेवटच्या टाक्यांतून दाभणानं लोकर ओवून गच्च आवळायची आणि मागची शिवण घालायची. सगळ्या मिळून जेमतेम पन्नास ओळी. एका ओळीला तीन-चार मिनिटं लागतात, म्हणजे ठाणं ते घाटकोपर स्लो गाडीत चार-पाच ओळी होतात. अर्थात बसायला मिळालं तर. चौथ्या सीटवर लांब सुया घेऊन बसलात तर शेजारीण बोलल्याशिवाय राहणार नाही. तिथे मधे प्लॅस्टिकची दोरी असलेली गोल सुई बरी, कोपर अंगाशी राहतं.

बायकांच्या डब्यात सुया चालणं काही नवं नाही. 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली, त्याच्याही कितीतरी आधीपासून त्या डब्यात भाजी निवडली जायची, हळदीकुंकू व्हायचं आणि कुणाच्या तरी पिशवीतून लोकरीचा धागा बाहेर आलेला असायचा. आता सगळ्यांच्या हातात मोबाइल असतो. त्याबद्दल मी नाक मुरडणार नाही. साधी वीण असेल तर कानात गाणी चालू ठेवूनही ओळ पूर्ण होते.

पण वीण साधीच हवी. जाळीचं डिझाइन घरी, दार लावून. मधेच उठावं लागणार असेल तिथे परत आल्यावर आपण कुठे होतो ते विणलेल्या कापडाकडे बघून कळलं पाहिजे. ओळीच्या मधे थांबावं लागलं असेल तर ज्या सुईवरून गुंड्याचा धागा लोंबतोय ती उजव्या हातात घ्यायची, म्हणजे उलटी दिशा धरली जात नाही. दोन्हीकडून नुसतं सुलट विणत असाल तर दर दोन ओळींना एक वरंबा उठतो. वरंबे मोजा, दुप्पट करा, झालं. कागद नको, पेन्सिल नको. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्हाला पट्टी विणायला लावायचे, पण कापड वाचायला कुणी शिकवलं नाही. खरं तर आधी तेच शिकवायला हवं होतं.

एलिझाबेथ झिमरमन ही इंग्लंडमध्ये जन्मलेली, अमेरिकेत स्थायिक झालेली विणकामातली थोर बाई नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून विणायची. तिनं 1968 मध्ये बेतलेलं बाळाचं एक जाकीट अजूनही जगभर विणलं जातं. अख्खं जाकीट नुसत्या सुलट टाक्यांचं, एकसंध. सुईवरून उतरतं तेव्हा वेडंवाकडं पायपुसणं वाटतं. घडी घातली आणि दोन शिवणी मारल्या की बाह्यांसकट अंगरखा तयार! बाळंतविड्यात दुसरं काही नाही दिलं आणि हे दिलं तरी चालेल.

बाळंतविड्याची योजना मला फार शहाणपणाची वाटते. टोपडं, मोजे, लाळेरं, झबलं, दुपटं: एकेक वस्तू वीतभर, आणि सगळ्या मिळून भरगच्च आहेर. एकटीवर भार नाही. मोजे मावशीनं करावे, टोपडं आत्यानं, दुपटं आजीनं जुन्या लुगड्याचं शिवावं. मुदतही ठरलेली. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, तिथून पुढे दोन महिने, मग बारसं. काम कुणासाठी आहे आणि कधी द्यायचं आहे हे माहीत असलं की सुया आपोआप हातात येतात. नुसतं ‘छंद म्हणून’ विणणाऱ्यांचे गुंडे कपाटात राहतात, असा माझा अनुभव आहे.

या वीतभर वस्तूचं मोल डॉक्टरांनाही ठाऊक आहे. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची पद्धत सुरू केली. कांगारू मदर केअर म्हणून ती आज आपल्याकडच्या रुग्णालयांतही चालते. त्या वेळी बाळाच्या अंगावर टोपडं, मोजे आणि लंगोट एवढंच असतं. एवढ्याशा जिवाचं डोकं बाकी शरीराच्या मानानं मोठं, ऊब तिथूनच फार जाते. अशा बाळांसाठी विणून द्यायचं मनात असेल तर आधी तिथल्या नर्सताईंना विचारा. माप लहान लागतं आणि धुण्याचे त्यांचे नियम असतात.

एक मात्र बजावून सांगते. आपल्या दुकानांत लोकर म्हणून मिळते त्यातली बरीचशी अ‍ॅक्रिलिक असते. मे महिन्यातल्या बाळाच्या डोक्यावर ती चढवणं म्हणजे छळ. त्याला सुती धाग्याचं विणा, किंवा टोपड्याऐवजी लाळेरंच करा. गळ्याशी लांब नाड्या नकोत, कच्चं शिवलेलं बटण तर नकोच. आणि एकदा धुऊन मगच द्या.

तुमच्या ओळखीत कुणाला सातवा महिना लागला असेल तर आज डब्याच्या पिशवीत एक गुंडा आणि दोन सुया टाका. पहिले चौऱ्याऐंशी टाके संध्याकाळी परतताना घालून होतील. बाळ काही तुमच्या सवडीनं येणार नाही.