गुमानाची सवय

मनात कीना ठेवू नका, हे आपण प्रत्येक वाजमध्ये ऐकतो आणि निश्चिंत मनाने घरी येतो. आपल्या मनात कोणाविषयी कीना नाही, अशी प्रत्येकाची खात्रीच असते. मराठीतला 'डूख' शब्दही तसाच. डूख धरतो तो साप, आपण नव्हे!

बायबलचा नवा करार मूळ ग्रीक भाषेतला. पंडिता रमाबाईंनी ग्रीक आणि हिब्रू शिकून बायबल साध्या मराठीत आणले. त्यांच्या निधनानंतर १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. नव्या करारात दुष्टभावासाठी नेहमी येणारा शब्द 'काकिया'. 'काकोस' म्हणजे वाईट, त्यापासून तो झाला. जुन्या ग्रीकमध्ये त्यात भ्याडपणाही येई. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तर त्याचा अर्थ दिवसाची कटकट एवढाच आहे. फारच सैल शब्द! मात्र पौलाच्या रोमकरांस पत्रात, दुर्गुणांच्या यादीत, आणखी एक शब्द भेटतो : 'काकोएथिया'. काकोस अधिक एथोस, म्हणजे वाईट वळणाचा स्वभाव. अरस्तूने पौलाच्या सुमारे चारशे वर्षे आधी त्याचा खुलासा केला होता : प्रत्येक गोष्टीचा वाईटच अर्थ लावणे. असे वळण म्हाताऱ्यांना लागते, कारण त्यांनी आयुष्यात पुष्कळ फसवणूक सोसलेली असते, असेही तो सांगतो.

इथे आपण थांबले पाहिजे. सोसलेल्या माणसाला आपला संशय संशय वाटतच नाही, तो त्याला अनुभव वाटतो. मग सावधपणा कुठे संपतो? सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत आधी गुमानाची मनाई आहे, मग टेहळणीची, मग गीबतची. हा क्रम आम्हांला फार बोलका वाटतो. शिवाय तिथे सगळेच गुमान गुनाह ठरवलेले नाही, काही गुमान. सावध माणूस विचारतो, चौकशी करतो. गुमान करणाऱ्याला विचारायचे काही उरलेलेच नसते.

दारव्ह्याहून यवतमाळला कॉलेजात जाणारी मोहल्ल्यातली मुलगी अंधार पडल्यावर घरी आली, की ओट्यावरच्या माना वळतात. एसटी उशिरा सुटली असेल, हे कोणाच्या मनात येत नाही. आणि हीच माणसे दुपारी चहाच्या टपरीवर, लोक आमच्याकडे वाकड्या नजरेने का पाहतात, म्हणून तळमळत असतात. ती तळमळ खरी असते.