मायेला माहितीची जोड

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्या जिवाला काय हवंय, हे त्यांनी ओळखलं. घरातल्या कुत्र्याला आपणही जीव लावतो. पण त्याला काय मानवतं, हे पाहतो का?

आपलाच शाम्पू त्याला चोळतो. त्याची कातडी वेगळी. ती कोरडी पडते, खाज सुटते. देशी कुत्र्याच्या आखूड केसांना रबरी ब्रश पुरतो. लांब केसांना बारीक तारांचा ब्रश आणि कंगवा लागतो. गुंता आंघोळीआधीच सोडवायचा, पाण्याने तो आणखी घट्ट बसतो. नखाचं फक्त टोक कापायचं. आत रक्तवाहिनी असते आणि काळ्या नखात ती दिसत नाही. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधायची आणि चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. उन्हाळा आला म्हणून पॉमेरेनियनचा गोटा करायचा नाही. ते दाट केस उन्हापासूनही त्याला जपतात.

यात अवघड काही नाही, फक्त घाई चालत नाही. त्याने पंजा मागे घेतला तर थांबायचं, चुचकारायचं, उरलेलं उद्या. मुका जीव बोलत नाही, अंग चोरतो. ते आपल्याला कळावं लागतं. घरातल्या माणसांचंही थोडंफार असंच. मायेला माहितीची जोड मिळाली की तिची सेवा होते. आज कुणासाठी काही करण्याआधी, त्याला काय हवंय ते आधी पाहू या.