पहिला संशय

जुना ट्रॅक्टर सकाळी सेल्फ घेईना झाला की माणूस आधी बॅटरीला शिव्या घालतो. बॅटरी डोळ्यांसमोर असते म्हणून. ती उतरलीय हे खरंच असतं. पण उतरलेली बॅटरी म्हणजे खराब बॅटरी असं नाही. ती का उतरली, हा पुढचा सवाल, अन् तिथपर्यंत फार थोडी माणसं जातात. यंत्राच्या बाबतीत हे खपून जातं, फार तर चार पैसे जास्त लागतात. माणसाच्या बाबतीत असं केलं तर काय होतं, ते मी एकदा जवळून बघितलं.

गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. आपला वेगळा जिल्हा झाला तो १९९९ साली. गावात ट्रॅक्टर बोटावर मोजण्याएवढे. इंटरनॅशनलचा बी-२७५, मॅसी फर्ग्युसन, एचएमटी ही नावं पोरांनासुद्धा पाठ होती. त्या काळच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना आजच्यासारखा अल्टरनेटर नव्हता, डायनामो असायचा. इंजिन चालू झालं की पट्ट्यावर डायनामो फिरायचा, वीज तयार करायचा अन् बॅटरी भरायचा. मधे एक काळी डबी असते, तिच्यात कटआऊट. विहिरीतला फूटव्हॉल्व्ह जसा, तसंच त्याचं काम. मोटार बंद झाली तरी पाइपातलं पाणी माघारी विहिरीत जाऊ नये म्हणून फूटव्हॉल्व्ह. इंजिन बंद झालं तरी बॅटरीतली वीज माघारी डायनामोत जाऊ नये म्हणून कटआऊट. इंजिन थांबलं की त्याचे दोन पॉइंट एकमेकांपासून सुटले पाहिजेत. एवढंच त्याचं काम, पण ते झालं नाही तर रातोरात बॅटरी रिकामी.

गावातल्या एका बागायतदाराचा ट्रॅक्टर असाच अडला. आठवड्यातून एखाद्या सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक् वाजायचं. मग चार माणसं जमवायची, ढकलायचं. बॅटरी काढून, डोक्यावर घेऊन, एसटीत घालून हिंगोलीला चार्जिंगला न्यायची. चार्जिंगवाला म्हणायचा, बॅटरी चांगली आहे, धरून राहते. मालकानं हिशोब मांडला: बॅटरी चांगली, मग लाईट कोणीतरी चालू ठेवत असणार. अन् आखाड्यावर रात्री झोपायला कोण? सालगडी.

त्याचं नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं आता नांदती आहेत. तो म्हणायचा, “मालक, म्या बटणाला हातबी लावत न्हाई.” पण ऐकतो कोण. रात्री लाईट लावून पत्ते खेळतो, असं चावडीवर चार माणसांत बोललं गेलं. रात्री जाऊन कोणी बघितलं नव्हतं. पुढं नवीन बॅटरी आणली अन् तिची किंमत त्याच्या सालातून कापायची ठरलं. आठ-दहा दिवसांत नवी बॅटरीही उतरली. खरं म्हणजे तिथंच शहाण्या माणसानं थांबायला पाहिजे होतं. पण आळ एकदा बसला की पुढची प्रत्येक गोष्ट त्यालाच जाऊन चिकटते. लोक म्हणाले, पैसे कापले म्हणून आता मुद्दाम करायलाय. माघात, पाडव्याला दोन महिने राहिले असताना, तो बायकापोरं घेऊन निघून गेला.

तो गेल्यावर आठवड्याच्या आत बॅटरी पुन्हा उतरली. आता आखाड्यावर कोणीच नव्हतं. तव्हा कुठं हिंगोलीहून मिस्त्री बोलावला. मी विशी-बाविशीतला होतो, यंत्राचा नाद होता, म्हणून पाने द्यायला बाजूला बसलो.

मिस्त्री बॅटरीकडं गेलाच नाही. त्यानं आधी इंजिनला हात लावला, मग डायनामोला. इंजिन रात्रीचं गार पडलेलं, अन् डायनामो कोमट. “न फिरलेलं यंत्र तापतंय कसं?” एवढंच तो बोलला. त्यानं दुसरी भरलेली बॅटरी जोडली अन् डायनामोचा पट्टा ढिला करून उतरवला. इंजिन बंद, अन् डायनामो आपोआप मोटारीसारखा फिरायला लागला. मग काळी डबी उघडली. कटआऊटचे दोन्ही पॉइंट एकमेकांना चिकटलेले. लाकडाच्या काडीनं ते सोडवले, तशी फिरकी थांबली. कधी सुटायचे, कधी चिकटून राहायचे, म्हणून तर रोज बॅटरी उतरत नव्हती. पॉलिश पेपरनं पॉइंट घासले, स्प्रिंगचा ताण बघितला, झालं. तासाभराचं काम.

मिस्त्रीकडून शिकलो ते असं. यंत्र तपासताना आधी सोपं अन् फुकटचं बघायचं. पट्टा ढिला आहे का, बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरं साचलंय का, अर्थिंगचा बोल्ट गंजलाय का. मग डायनामोचे कार्बन, मग डबी. नवीन वस्तू विकत आणायची ती सगळ्यात शेवटी. ही रीत बरोबरच आहे, कारण बोल्ट तपासला म्हणून बोल्टाचं काही बिघडत नाही.

माणसातही आपण स्वस्तापासूनच सुरुवात करतो. ज्याच्यावर संशय घ्यायला काही लागत नाही, त्याच्यावर आधी घेतो. सालगडी, कामवाली, गावाबाहेर पाल टाकून उतरलेली माणसं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मापासूनच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आजही विहिरीवरची केबल चोरीला गेली की लोक आधी फासेपारध्यांच्या पालाकडं बघतात. बोल्टाला संशय कळत नाही, माणसाला कळतो. म्हणून यंत्राची रीत माणसाला लावायची नसते. तिथं आधी पुरावा मोजायचा, मग बोट दाखवायचं.

आमच्या नर्सीच्या नामदेवांचे सोबती चोखोबा. त्यांच्यावर विठ्ठलाच्या गळ्यातला हार चोरल्याचा आळ आला होता, अशी कथा कीर्तनात सांगतात. कथेत देव धावून येतो. गावात देव धावत नाही, गावातल्या माणसालाच उठावं लागतं.

मालक वाईट माणूस नव्हता. त्यानं कापलेले पैसे मोजून आपल्या पोराच्या हाती गड्याच्या गावी पाठवले. गड्यानं ते घेतले. पण तो या गावात पुन्हा कामाला आला नाही. लोकांना नवल वाटलं, पैसे तर मिळाले की! मला नवल वाटलं नाही. आळ घातला चावडीवर, दहा माणसांत. अन् पैसे गेले गुपचूप, पोराच्या हाती. चोरटा म्हणताना आवाज मोठा होता. मग चोरटा नव्हता हे सांगताना बारीक का झाला?

एकट्या मिस्त्रीनं मात्र हॉटेलात चहा पिताना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “कटआऊट चिकटलं व्हतं. गड्याचा काही दोष न्हाई.” त्याला काही देणं लागत नव्हतं. पण बिघाड काढणं अन् आळ काढणं, ही दोन्ही कामं त्यानं एकच धरली.

बॅटरीचं एक आहे. उतरल्याबरोबर भरली तर ती पहिल्यासारखी होते. तशीच महिनोन्महिने पडू दिली तर आतल्या पत्र्यांवर पांढरा थर धरतो, अन् मग कितीही चार्जिंग लावा, ती धरून राहत नाही. आळाचंही तसंच. तो जिथं घातला तिथंच, तेवढ्याच मोठ्या आवाजात अन् लवकर उतरवला पाहिजे. पैसे फेडायला हिशोब पुरतो. अब्रू फेडायला चावडीवर उभं राहून बोलावं लागतं, अन् ते ज्याला जमतं त्याला मी मोठा शेतकरी म्हणतो, मग त्याच्याकडं ट्रॅक्टर असो की नसो.