पडसें आणि शेजारी
मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-घाटकोपराकडे, पोटासाठीं गेलेले आपले कित्येक बंधु पडसें झालें कीं दवाखान्यांत अँटिबायोटिकच मागतात. रोज बुडूं नये, ही त्यांची निकड आम्हांस ठाऊक आहे. परंतु पडसें विषाणूंमुळें होतें. हें औषध केवळ जीवाणूंस मारतें. वृथा घेतल्यास अंगांतील दुबळे जीवाणू मरून चिवट तेवढे उरतात, व ते शेजाऱ्यासही लागतात.

पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग साहेब यांनीं १९४५ सालीं नोबेल व्याख्यानांत एका कल्पित गृहस्थाची गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून त्यानें अपुरें पेनिसिलिन घेतलें. चिवट झालेले जंतु पत्नीस लागले, आणि तिच्या न्युमोनियावर तें औषध चालेना. ती वारली. ह्या मरणाचा जाब कोणास विचारावा? "माझें शरीर, माझा पैसा" हें उत्तर येथें पुरत नाहीं. आणि डॉक्टरानें गोळी न देतां विश्रांति सांगितली, तर आम्हीच रुसून दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढतों.