पाच सेंटिमीटर आणि एक गोळी

सिडनी ऑलिम्पिक, 21 सप्टेंबर 2000. महिला जिम्नॅस्टिक्सची वैयक्तिक सर्वांगीण अंतिम फेरी चालू होती आणि एकामागून एक मुली व्हॉल्टवर आपटत होत्या. जेतेपदाची मोठी दावेदार, रशियाची स्वेतलाना खोर्किना तिथेच पडली आणि पुढे दांड्यांवरही तिचा तोल गेला. अखेर ऑस्ट्रेलियाच्या अलाना स्लेटरला संशय आला की हे उपकरण बुटकं आहे. मोजलं, तर 125 सेंटिमीटरऐवजी 120 निघालं. जीव मुठीत धरून उड्या मारणाऱ्या मुलींसाठी पाच सेंटिमीटर म्हणजे मानेचा प्रश्न. आयोजकांनी उपकरण वर केलं आणि आधी गेलेल्यांना पुन्हा उडी घेण्याची मुभा दिली. निकाल मात्र ग्राह्य धरला गेला.

त्याच रात्री रुमानियाच्या आंद्रेया रादुकानने सुवर्ण जिंकलं. दुसरी सिमोना अमनार, तिसरी मारिया ओलारू. तिन्ही पदकं एकाच देशाची, असं 1960 नंतर पहिल्यांदाच घडत होतं. पाचच दिवसांनी, 26 तारखेला, रादुकानचं सुवर्ण काढून घेतलं गेलं. तिच्या लघवीच्या नमुन्यात स्यूडोएफेड्रिन सापडलं होतं. सर्दी-डोकेदुखी झाली म्हणून संघाच्या डॉक्टरने तिला औषधाच्या दुकानात सहज मिळणारी पडशाची गोळी दिली होती, त्यातून ते आलं. वय सोळा, वजन सुमारे 37 किलो. क्रीडा लवादाने 28 तारखेला तिचं अपील फेटाळलं. तिचा हेतू वाईट नव्हता हे मान्य होतं; पण नियम हेतू विचारत नाही. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार.

हा नियम मूर्खपणाचा नाही. तो का लागतो हे पूर्व जर्मनीने दाखवून दिलं होतं. तिथे कोवळ्या मुलींना जीवनसत्त्वं म्हणून संप्रेरकांच्या गोळ्या चारल्या गेल्या. त्या मुली निर्दोष होत्या, पण त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये पोहणारीवर अन्याय झालाच. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर एकदा चाललं, की प्रत्येक लबाड प्रशिक्षक आपल्या पोरींना अजाणच ठेवील. म्हणून निकाल बाद करण्याचं तत्त्व मी मान्य करतो, कुरकुरत का होईना.

माझी हरकत वेगळी आहे. ‘तुझ्या शरीराला तू जबाबदार’ हे वाक्य ज्याचं शरीर त्याच्या ताब्यात आहे त्यालाच लागू पडतं. रुमानियाचा संघ देवा या गावी तयार होई. तिथे काय खायचं, कधी झोपायचं, दुखऱ्या घोट्यावर किती भार टाकायचा, हे मुली ठरवत नसत. या घडणीत पहिला धडा आज्ञापालनाचा. डॉक्टरने हातावर ठेवलेली गोळी गिळणं हा त्याच धड्याचा भाग. ज्या गुणासाठी तिला निवडलं, घडवलं आणि शाबासकी दिली, त्याच गुणाबद्दल शिक्षा झाली, आणि शिक्षेपुरतं तिला स्वतंत्र प्रौढ मानलं गेलं. डॉक्टरवरही बंदी आली, हे खरं. पण बंदी संपते. पदक गेलं ते गेलंच.

आता पुन्हा त्या पाच सेंटिमीटरकडे. उपकरण कुणी मुद्दाम खाली ठेवलं नव्हतं. पण परिणाम खरे होते, निकालावर पडलेले होते. ‘हेतू पाहणार नाही, परिणाम पाहू’ हाच न्याय तिथे लावला असता तर अख्खी फेरी रद्द करून पुन्हा घ्यावी लागली असती. तिथे मात्र चूक ती चूक, सुधारली की झालं. एकाच सभागृहात, एकाच संध्याकाळी, मोठ्यांच्या दोन निष्काळजीपणांना दोन वेगळी मापं लागली. व्यवस्थेची चूक क्षम्य ठरली. डॉक्टरची चूक सोळा वर्षांच्या मुलीच्या खात्यावर पडली.

नियमांचा पुढचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. 2004 मध्ये स्यूडोएफेड्रिन बंदीच्या यादीतून निघालं. 2010 मध्ये परत आलं, पण मर्यादा आता मिलिलिटरला 150 मायक्रोग्रॅम. रादुकानच्या वेळी ती 25 होती, आणि तिच्या नमुन्यात नव्वदच्या आसपास सापडलं होतं. नियम बदलू शकतात, बदलावेतही. फक्त निर्णय देताना त्यांचा सूर असा असतो, जणू ते दगडावर कोरून आलेत.

रादुकान रडून घरी बसली नाही. सिडनीतलं सांघिक सुवर्ण आणि व्हॉल्टचं रौप्य तिच्याकडे राहिलं होतं, कारण त्या चाचण्यांत काही सापडलं नव्हतं. पुढच्याच वर्षी गेंटच्या जागतिक स्पर्धेत बीम आणि फ्लोअर या दोन्ही प्रकारांत ती विश्वविजेती झाली. कालांतराने ती रुमानियाच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाची अध्यक्षही झाली, म्हणजे लहान मुलींना कोण काय देतं हे पाहण्याची जबाबदारी तिच्याकडे आली. सर्वांगीण सुवर्ण अमनारच्या नावावर आहे.

अपील फेटाळलं गेलं त्यानंतर दोन दिवसांनी रादुकानला सतरा वर्षं पूर्ण झाली.