रसिक, ग्राहक आणि ऋणको

१

'ग्रह्' या एकाच धातूपासून आलेले दोन शब्द मराठीत रोजच्या वापरात आहेत. दुकानात पैसे मोजून वस्तू घेणारा तो ग्राहक, आणि कलाकृतीचा आस्वाद घेण्याची क्रिया ते रसग्रहण. धातू एक असला तरी या दोन शब्दांचा विचार करणारी शास्त्रे मात्र एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. सौंदर्यशास्त्र रसग्रहणाचा विचार करताना आस्वादकाच्या हाती कलाकृती आली कशी, हा प्रश्न विचारत नाही. 'सहृदय' या संकल्पनेत मनाच्या आरशाचे नितळपण अभिप्रेत आहे. सहृदयाच्या खिशाची दखल तिथे घेतलेली नाही. उलट अर्थशास्त्राला ग्राहक पैसे देऊन बाहेर पडला की त्याच्यात रस उरत नाही. त्याने घरी नेलेले पुस्तक वाचले काय किंवा न वाचले काय, व्यवहार पुरा झालेला असतो.

या दोहोंच्या मध्ये एक नैतिक प्रश्न शिल्लक राहतो. जे ऐकून किंवा वाचून आपण बदललो, त्याबद्दल आपण कोणाचे काय देणे लागतो? आणि ते देणे कशाने फिटते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चर्चा करण्यासाठी एक आडवळणाचे उदाहरण घेतले आहे. ते आहे रसायनीसारख्या कारखान्याच्या वसाहतीत हेवी मेटल नावाचे संगीत ऐकणाऱ्या, त्याच्या कॅसेटी विकत घेणाऱ्या आणि त्याहून अधिक संख्येने त्यांच्या नकला करणाऱ्या मुलांचे. प्रस्तुत लेखक त्यांपैकी एक होता. त्यामुळे या विवेचनात तटस्थतेचा दावा नाही.

२

खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी वसलेल्या रसायनीचे नावच रसायन-उद्योगावरून पडलेले आहे. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचा कारखाना येथे उभा राहिला. नायट्रोबेंझीन, अॅनिलीन यांसारखी, रंग आणि औषधे बनवणाऱ्या उद्योगांना लागणारी रसायने तिथे तयार होत. कारखान्याबरोबर वसाहत आली, आणि वसाहतीबरोबर देशाच्या नाना प्रांतांतून आलेली कुटुंबे आली. नव्वदच्या दशकात या वसाहतीतल्या मुलांच्या हाती उपग्रह वाहिन्यांमधून एक दूरचे, कर्कश आणि विलक्षण शिस्तबद्ध संगीत आले.

ते संगीत इथेच का रुजावे, याचे एक सोपे उत्तर देता येईल, आणि ते पूर्णपणे खोटेही नाही. हेवी मेटलचा उगम बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात मानला जातो. 'ब्लॅक सबाथ'चा गिटारवादक टोनी आयोमी हा १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या अखेरच्या दिवशी यंत्रात सापडला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे गमावून बसला. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणे केली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे तारा उतरवून वाजवू लागला. त्या जड, खर्जातल्या नादामागे कारखान्यातला एक अपघात आहे. त्याच परिसरातून आलेल्या 'ज्युडास प्रीस्ट'ने १९८० साली, ब्रिटनमधील पोलाद कामगारांचा मोठा संप झाला त्याच वर्षी, आपल्या ध्वनिमुद्रिकेला 'ब्रिटिश स्टील' हे नाव दिले.

तथापि या साम्यावर फार भार टाकता येणार नाही. वसाहतीतली मुले यंत्रावरच्या कामगाराची मुले क्वचितच होती; बहुतेकांचे वडील तंत्रज्ञ, लेखनिक वा अधिकारी होते. ज्या गावांच्या जमिनींवर कारखाना उभा राहिला, त्या गावांतल्या मुलांपर्यंत हे संगीत जवळजवळ पोचलेच नाही. त्यांच्याकडे भजन होते, गौरी-गणपतीतले बाल्या नाच होते, आणि इंग्रजी कॅसेटीसाठी शंभराहून अधिक रुपये नव्हते. बंडखोरीचे म्हणून ओळखले जाणारे संगीत ऐकण्यासाठीही आधी ग्राहक होण्याची ऐपत लागते. ही विसंगती पुढील विवेचनात विसरून चालणार नाही.

आमच्यातही ती ऐपत एखाद्यालाच होती. पनवेलपर्यंत एस.टी. आणि तिथून लोकल असा प्रवास करून मुंबईत काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाउस'मध्ये जायचे, तासभर पाहायचे आणि एक कॅसेट घ्यायची, असा क्रम वर्षातून एकदोनदा होई. त्या एका मूळ कॅसेटीच्या सातआठ नकला आठवड्याभरात होत. कोऱ्या कॅसेटीच्या पुठ्ठ्यावर गीतांची नावे बारीक अक्षरात उतरवून घेतली जात, आणि संध्याकाळी वसाहतीच्या कट्ट्यावर वाद सुरू होई. जुने श्रेष्ठ की नवे? 'ब्लॅक सबाथ'चे १९७०चे 'पॅरनॉइड' मूळ आणि बाकी सगळे त्याचे भाष्य, असे एक मत. 'आयर्न मेडन'च्या १९८२च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट'शिवाय त्या मूळाला घाट आला नसता, असे दुसरे. 'मेटॅलिका'ने १९८६च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये जे मिळवले ते १९९१च्या स्वनामांकित ध्वनिमुद्रिकेत बाजाराला विकले, असा तिसऱ्याचा आरोप. पुढे एम.ए.च्या वर्गात परंपरा आणि नवता या विषयावर ज्या चर्चा ऐकल्या, त्यांतल्या बऱ्याचशा त्या कट्ट्यावरच्या वादापेक्षा कमी जबाबदारीच्या होत्या, असे आज वाटते. कट्ट्यावर प्रत्येक मताला पुरावा द्यावा लागे, आणि पुरावा म्हणजे कॅसेट मागे फिरवून तोच तुकडा पुन्हा ऐकणे.

३

या नकला म्हणजे चोरी होती काय? कायद्याचे उत्तर काळाप्रमाणे सरकत गेलेले आहे. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यात खाजगी वापरासाठीच्या न्याय्य व्यवहाराची सवलत दीर्घकाळ साहित्यिक, नाट्य, सांगीतिक व कलात्मक कृतींपुरती होती. ध्वनिमुद्रण तिच्या कक्षेत २०१२च्या दुरुस्तीने आले. म्हणजे आमची कृती त्या वेळी कायद्याच्या बाहेर होती आणि आज कदाचित नसती. परंतु कायद्याची रेषा सरकल्याने कृतीचे नैतिक स्वरूप पालटते, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न वेगळ्या भूमीवर सोडवावा लागतो.

नकलेच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद दानाचा आहे. मार्सेल मॉसने १९२५ साली दानावरच्या निबंधात दाखवून दिले की दान कधीच केवळ दान नसते. ते घेणाऱ्यावर परतफेडीचे बंधन घालते आणि त्यातून समाज बांधला जातो. हेवी मेटलच्या इतिहासात याचे ठळक उदाहरण आहे. 'मेटॅलिका'चे १९८२चे प्राथमिक ध्वनिमुद्रण हातोहात नकला होऊन, टपालाने देशोदेशी जाऊन पसरले. त्या कॅसेटींच्या देवाणघेवाणीनेच त्यांना श्रोते मिळवून दिले. आणि त्याच 'मेटॅलिका'ने २००० साली, आपले एक अप्रकाशित गीत महाजालावर फिरू लागल्याचे पाहून, 'नॅपस्टर'वर खटला भरला.

हा ढोंगीपणा आहे, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. तो निष्कर्ष घाईचा वाटतो. कॅसेटींच्या देवाणघेवाणीत देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत होते. कॅसेट मिळाली की दुसरी पाठवणे भाग होते. न पाठवणाऱ्याला मंडळातून वगळले जाई. ऋण लक्षात ठेवले जात होते. 'नॅपस्टर'वर कोणी कोणाचा काही लागत नव्हता. शिवाय पहिल्या खेपेस वादकांनी आपण होऊन दिले होते, दुसऱ्या खेपेस त्यांना विचारलेले नव्हते. क्रिया एकच, नक्कल करण्याची. पण तिच्याभोवतीचे नाते वेगळे. नकलेचे नैतिक मूल्य त्या नात्यावरून ठरते, असे म्हणता येईल.

परंतु एवढ्यावर थांबलो तर आपण स्वतःलाच सोयीस्करपणे निर्दोष ठरवू. आमच्या मंडळात ऋणाची आठवण होती ती ज्याने कॅसेट आणली त्याच्याविषयी. ज्यांनी ते संगीत केले ते या वर्तुळात नव्हतेच. मित्राचे देणे फेडून कर्त्याचे देणे फिटत नाही.

येथे आपल्या परंपरेतील ऋषिऋणाची कल्पना मदतीला येते. पितृऋण संततीने फिटते, देवऋण यज्ञाने, आणि ऋषिऋण अध्ययनाने. ज्ञान देणाऱ्याला मोबदला नको असतो. ते ज्ञान आत्मसात करणे हीच त्याची परतफेड. या न्यायाने ज्याने 'पॅरनॉइड' शंभरदा, प्रत्येक वळण ओळखत ऐकले, त्याने आपले देणे चुकते केले असे ठरेल. कल्पना उदात्त आहे आणि तिच्यात एक सत्यही आहे. पण तिची दुसरी बाजू महाराष्ट्राने पाहिलेली आहे. तमाशाची सम्राज्ञी म्हणून गौरवलेल्या, राष्ट्रपतींकडून सन्मान मिळवलेल्या विठाबाई नारायणगावकर यांची अखेरची वर्षे विपन्नावस्थेत गेली आणि २००२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कलेला दाद देणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. दादेने घर चालत नाही, ही गोष्ट दाद देणाऱ्यांच्या लक्षात यायला उशीर लागतो. ऋषिऋणाची भाषा कलावंताच्या बाबतीत वापरताना ऋषीच्या पोटाची सोय दुसऱ्या कोणीतरी केलेली आहे, असे आपण गृहीत धरतो.

म्हणून किमतीलाही स्वतःची प्रतिष्ठा आहे, हे मान्य केले पाहिजे. पैसे देणारा ग्राहक कलावंताला आश्रयदात्याच्या मर्जीतून सोडवतो. मात्र किंमत दिली की सारे फिटले, असे मानणारा ग्राहक दुसऱ्या टोकाची चूक करतो. अडोर्नोने १९३८च्या निबंधात मैफलीला जाणाऱ्या ग्राहकाविषयी म्हटले, की तो खरे तर तिकिटासाठी आपणच मोजलेल्या पैशांची पूजा करत असतो. जुन्या ध्वनिमुद्रिकेची तिसरी, चौथी नवी आवृत्ती घेऊन ती वेष्टनासह फडताळात ठेवणाऱ्या संग्राहकाला हे वर्णन तंतोतंत लागू पडते.

तेव्हा ऋण एक नाही, दोन आहेत. एक श्रमाचे, ते पैशाने फेडायचे. दुसरे अर्थाचे, ते अवधानाने फेडायचे. एकाच्या नाण्याने दुसरे फिटत नाही. फुकट ऐकणारा रसिक आणि न ऐकणारा ग्राहक हे दोघेही आपापल्या परीने ऋणकोच राहतात.

४

हा भेद मान्य केला तर 'जुने की नवे' या वादाकडेही वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. अभिजात कृती विकत घेण्यात धोका नसतो. तिचे मूल्य इतरांनी आधीच ठरवून दिलेले असते. नवी कृती घेणारा मात्र आपल्या निर्णयाची किंमत स्वतः मोजतो. आणि नव्या कर्त्याचे पुढचे काम त्या मोजक्या निर्णयांवरच अवलंबून असते. मुंबईत २००० साली 'डेमॉनिक रेझरेक्शन' आणि त्यानंतर काही वर्षांनी 'भयानक मौत' हे वाद्यवृंद उभे राहिले, तेव्हा आमच्या पिढीपुढे हा प्रश्न प्रथमच समोरासमोर आला. नवरसांतील भयानक आणि बीभत्स यांना इतक्या उघडपणे आवाहन करणारे कोणीतरी आता लोकलने गाठता येईल इतक्या अंतरावर होते. बर्मिंगहॅम दूर आहे, तिथल्यांना आमच्या शंभर रुपयांनी काय होणार, ही सबब येथे चालणार नव्हती. तरीही आमच्यातील कित्येकांनी जुन्याच मुद्रिकांच्या नव्या आवृत्त्या घेतल्या आणि शेजारच्यांचे संगीत फुकट उतरवून घेतले.

वाचकाने यावर हसण्यापूर्वी आपल्या कपाटाकडे पाहावे. लघुनियतकालिकांच्या चळवळीविषयी आपण प्रबंध लिहितो. चालू असलेल्या नियतकालिकांपैकी किती जणांची वर्गणी भरतो? आपले विद्यार्थी समीक्षाग्रंथ छायाप्रतींतून वाचतात आणि त्या छायाप्रती बहुधा आपणच पुरवलेल्या असतात. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने २०१६ साली अध्यापनासाठीच्या अशा नकला कायद्याच्या अपवादात बसतात, असा निर्णय दिला. गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो निर्णय न्याय्यच आहे, असे माझे मत आहे. ज्याची ऐपत नाही त्याच्यावर श्रमाच्या ऋणाचा भार टाकणे अन्यायाचे होईल. पण ज्या प्राध्यापकाला नियमित वेतन मिळते, त्याने या निर्णयाच्या आडोशाला उभे राहावे काय? ऋण सर्वांवर आहे; ते फेडण्याचे सामर्थ्य समान नाही. म्हणूनच कर्तव्यही समान नाही.

५

२०१६ साली 'ऱ्हिदम हाउस' बंद झाले. २०१७ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचा कारखाना, अवकाश संशोधन संस्थेला लागणारा एक विभाग वगळता, बंद करण्याचा निर्णय घेतला. वसाहतीतली कुटुंबे त्याआधीच पांगू लागली होती. आता मासिक शुल्क भरले की जगातले बहुतेक संगीत ऐकता येते, आणि विकत घेणे ही क्रियाच हळूहळू अर्थहीन होत चालली आहे. ऋण नाहीसे झालेले नाही. ते कोणाचे, हे मात्र आता कोणालाच दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी मी 'मास्टर ऑफ पपेट्स'ची तबकडी पूर्ण किंमत देऊन घेतली. जुने देणे चुकते करावे, हा हेतू होता. ती दोन वर्षे वेष्टनातच राहिली. ज्या नकलेवरून मी ते संगीत शिकलो ती कॅसेट आता वाजत नाही. तिच्या पुठ्ठ्यावरचे अक्षर माझे नाही, ज्याने मूळ कॅसेट आणली होती त्या मित्राचे आहे. तो आज कुठे असतो हे मला ठाऊक नाही. ऑझी ऑस्बर्न यांच्या निधनाची बातमी २०२५च्या जुलैमध्ये आली, तेव्हा ती सांगण्यासाठी प्रथम त्याचीच आठवण झाली. त्या रात्री मी तबकडीचे वेष्टन काढले आणि दोन्ही बाजू ऐकल्या. त्याने कोणाचे किती फिटले, याचा हिशेब मला मांडता आलेला नाही.