ठोकळ्याचं पॉलिश

घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर एका मिस्त्रींचं सुतारकामाचं दुकान होतं. हाताखाली बहिणीचा मुलगा. पोराच्या हाताला सफाई होती, घाई त्याहून जास्त.

श्रावण लागला आणि मुलुंडच्या एक ताई आल्या. त्यांचं पोळी-भाजी केंद्र. गौरी-गणपतीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत भाजी चिरायला दोन इंच जाडीचा लाकडी ठोकळा हवा होता. मामांनी ओशिवऱ्याच्या बाजारातून पाडलेल्या इमारतीची सागवानी तुळई आणली, पट्ट्या काढून जोडल्या, रंधा मारला आणि पुढचं काम भाच्यावर सोपवून ते अंधेरीला गेले.

भाच्यानं वॉलनट स्टेन चढवला, वर मेलामाईनचे हात मारले. ठोकळ्यात तोंड दिसायला लागलं. मामांनी परत आल्यावर त्यावरून बोट फिरवलं. "काम साफ आहे. आता हा घरी ने. चार दिवस घरातली सगळी भाजी यावरच चिरायची, आणि चिरायला तू बसायचं."

लाल भोपळ्यावर सुरी जोरात बसली की पॉलिशवर पांढरी चीर उमटायची. चिरेतून पाणी आत शिरलं, पापुद्रा सुटू लागला. तिसऱ्या दिवशी कोथिंबिरीत नखाएवढा चकचकीत तुकडा निघाला. मामीनं काही न बोलता ती चिरलेली कोथिंबीर केरात टाकली. भाच्यानं ठोकळा उचलून दुकानात आणला आणि आपणहून रंधा हातात घेतला.

"खाटकाचा ठोकळा बघितलायस ना?" मामा म्हणाले. "दिवसभर सत्तूर झेलतो. त्याला कुणी पॉलिश केलंय?"

पॉलिश वाईट नसतं. दिवाणखान्यातल्या कपाटाला ते शोभतं, टिकतंही, कारण तिथं कुणी सुरी चालवत नाही. जिथं सुरी आणि पाणी रोजचं, तिथं वर बसणारा थर कामाचा नाही. आत मुरणारं काहीतरी हवं.

"मग अळशीचं तेल लावू, मामा?"

"या पावसाळी हवेत ते वाळता वाळणार नाही. बॉइल्ड म्हणून डब्यात मिळतं, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. आणि त्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकलीस, तर आपली आपण पेट घेतात."

"शेंगदाण्याचं?"

"खवट होईल. औषधांच्या दुकानात जा आणि लिक्विड पॅराफिन आण. पोट साफ व्हायला देतात तेच."

रंध्यानं स्टेन पुरता निघाल्यावर मामांनी ठोकळा ओल्या फडक्यानं पुसायला लावला. लाकडाची रोमं उभी राहिली, हाताला खरखर लागली. वाळल्यावर 220 नंबरचा पॉलिश पेपर, पुन्हा ओलं फडकं, पुन्हा पेपर. खरखर आत्ताच काढली नाही, तर पहिल्याच धुण्यात ती ताईंच्या तळहाताला लागणार. मग तेल. पट्ट्यांची टोकं जिथं आडवी कापलेली होती, तिथं ते ओतलं की क्षणात दिसेनासं व्हायचं. रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी उरलेलं पुसायचं, संध्याकाळी पुन्हा हात द्यायचा. लाकूड तेल प्यायचं थांबलं, तेव्हा गरम पाण्यावर वितळवलेलं मधमाशीचं मेण त्याच तेलात मिसळून चोळलं.

ताई ठोकळा न्यायला आल्या आणि हिरमुसल्या. "अहो, रंग नाही दिलात? उशीरही केलात."

भाच्यानं वर ओंजळभर पाणी टाकलं. थेंब गोळा होऊन उभे राहिले. "ताई, दिला होता, काढून टाकला. तो सुटून भाजीत आला असता. हा पाण्यात बुडवून ठेवू नका. धुतला की कडेवर उभा करा, दोन्ही बाजूंना वारा लागू दे. कोरडा दिसला की रात्री या बाटलीतलं चोळा. त्यासाठी आमच्याकडे आणायची गरज नाही."

ताईंनी बाटली उलटसुलट करून पाहिली, कसं चोळायचं ते पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि पैसे मोजले. मामांनी त्यातले स्टेन-मेलामाईनचे परत केले.

दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्याचं काम आलं. "याला काय लावशील?" मामांनी विचारलं. लाखेच्या पॉलिशचा डबा फळीवर हाताशीच होता. भाच्यानं चप्पल पायात घातली.

"आधी समई कुठं ठेवतात ते बघून येतो."